माणूस अचानक बदलतो तेव्हा आधी काय तपासायचं

"सासरे तीन दिवसांपासून घरातल्यांना ओळखत नाहीत, स्मृतिभ्रंश झाला का?" "बायको सारखी चिडते, रडते. समुपदेशकाकडे न्यावं का?" "मुलगी एकटीच बडबडते, गावाकडचे म्हणतात बाहेरचं आहे." असे प्रश्न विचारणारे वाचक निरनिराळ्या गावांतले, निरनिराळ्या परिस्थितीतले असतात, पण गोंधळ एकच असतो. हे मनाचं की शरीराचं? आणि जायचं कुणाकडे?

निर्णय घेण्यापुरतं एवढंच ध्यानात ठेवा. राग, भीती, संशय, आठवण, झोप, हुशारी ही सगळी मेंदूची कामं आहेत आणि मेंदू रक्तातून येणाऱ्या साखरेवर, प्राणवायूवर, क्षारांवर आणि संप्रेरकांवर चालतो. त्यांत काही बिघडलं की पहिली खूण पुष्कळदा वागण्यातच दिसते. ताप, दुखणं, सूज मागाहून येते, कधी येतही नाही. त्यामुळे वागण्यातला बदल नवा असेल, झपाट्याने झाला असेल किंवा चाळिशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच दिसत असेल, तर आधी शरीर तपासून घ्या. समुपदेशन, मानसोपचार, घरातली समजूत हे सगळं त्यासोबत किंवा त्यानंतर करता येतं.

बदल किती काळात झाला?

डॉक्टरांसमोर बसल्यावर बहुतेक घरची माणसं "हल्ली असं करतात" एवढंच सांगतात. या 'हल्ली'ने काहीच कळत नाही. जाण्याआधी घरात बसून, शेजाऱ्यांना विचारून, फोनवरचे जुने मेसेज पाहून ठरवा: शेवटचा अगदी नेहमीसारखा दिवस कोणता होता? बदल काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत झाला असेल तर ती तातडीची बाब आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आठवडे किंवा महिने लागले असतील तर आठवड्याभरात तपासण्या करून घ्या. वर्षानुवर्षं हळूहळू होत आलं असेल तर घाई नाही, पण 'वयच झालं' म्हणून सोडूनही देऊ नका.

दोन-चार दिवसांत झालेला गोंधळ

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. काल-परवापर्यंत पेपर वाचणारे आजोबा आज वेळ-काळ विसरतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, संध्याकाळ झाली की "मला घरी सोडा" म्हणून स्वतःच्याच घरात उठून बसतात आणि सकाळी पुन्हा बऱ्यापैकी भानावर असतात. जुनी माणसं याला वातात बरळणं म्हणायची, डॉक्टर डेलिरियम म्हणतात. हा स्मृतिभ्रंश नाही. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो, हा दिवसांत येतो आणि दिवसभरातही कमी-जास्त होतो.

कारणं पुष्कळदा साधी असतात: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, प्रोस्टेटमुळे अडलेली लघवी, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, सोडियम घसरणं, नवी सुरू झालेली गोळी, ऑपरेशननंतरचे दिवस. वयस्कर माणसाला संसर्ग होऊनही ताप येईलच असं नाही, त्यामुळे "ताप तर नाही" हे समाधान पुरेसं नाही.

घरच्या घरी एक चाचणी करून पाहा. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. डेलिरियममध्ये लक्षच टिकत नाही, त्यामुळे माणूस दोन-तीन वारांतच भरकटतो. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला मात्र बहुतेकांना हे जमतं.

याचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. त्यात माणूस आरडाओरडा करत नाही, उलट गप्प पडून राहतो, जेवत नाही, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटतो. घरातल्यांना वाटतं, आराम करताहेत. तोही तितकाच गंभीर असतो आणि शांत असल्यामुळे उशिरा लक्षात येतो.

पुढीलपैकी काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

- शब्द चुकीचे येताहेत, समोरच्याचं बोलणं कळत नाही, तोंड वाकडं झालंय किंवा एका हाताची ताकद गेलीय. हा लकवा असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.
- इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारा माणूस एकाएकी भांडखोर झालाय, घामाघूम आहे, असंबद्ध बोलतोय. आधी ग्लुकोमीटर लावा. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस गिळू शकत असेल तर लगेच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका.
- गेल्या काही आठवड्यांत माणूस पडला होता, डोक्याला थोडं लागलं होतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. मेंदूभोवती हळूहळू रक्त साचत जातं आणि गोंधळ, सुस्ती खूप नंतर दिसते. 'तेव्हा काही झालं नव्हतं' यावर विसंबू नका, पडल्याचं डॉक्टरांना सांगा.
- तरुण मुलगा किंवा मुलगी काही दिवसांत भ्रमिष्टासारखं वागू लागली आहे आणि सोबत फिट, ताप, तोंडाच्या विचित्र हालचाली किंवा शरीर ताठरणं आहे.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण मांत्रिकाच्या दारात सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर हल्ला करते, असा एक आजार आहे. त्यातला एक महत्त्वाचा प्रकार जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ओळखला. तो तरुण मुलींमध्ये जास्त आढळतो आणि पाहणाऱ्याला 'झपाटल्यासारखाच' वाटतो. पाठीच्या कण्यातल्या पाण्याच्या तपासणीतून तो पकडता येतो, वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रुग्ण चांगले सुधारतात. मुलीला बांधून ठेवणं, धूर देणं, मारहाण करणं यात तिचे उपचाराचे दिवस जातात. महाराष्ट्रात भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

हळूहळू बदललेला स्वभाव: कोणत्या तपासण्या मागाल?

उत्साह गेला, चिडचिड वाढली, विसरायला होतं, झोप उडाली किंवा दिवसभर झोपच येते. अशा वेळी फॅमिली डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "याला शारीरिक कारण आहे का, ते तपासता येईल का?" पहिल्या फेरीत साधारण या तपासण्या होतात: हिमोग्राम, साखर, टीएसएच, बी-१२, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, लघवी. एवढ्याने पुष्कळ गोष्टी उलगडतात. सरसकट मोठमोठी 'फुल बॉडी' पॅकेजं घेण्याची गरज नाही.

थायरॉईड कमी पडलं की माणूस मंदावतो: उदास, विसराळू, थंडी सहन न होणारा, बद्धकोष्ठाने त्रासलेला, वजन वाढलेला. जास्त झालं की उलट: धडधड, हातांना कंप, घाबरटपणा, संताप, वजन घटणं. लंडनचे डॉ. रिचर्ड ॲशर यांनी १९४९ साली १४ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. थायरॉईड कमी असल्यामुळे त्यांना भ्रम होत होते आणि थायरॉईडचं औषध दिल्यावर त्यातले बरेच जण पूर्ण बरे झाले. आज मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत टीएसएच मागतात, ते उगीच नाही.

बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींमधून मिळत नाही. शाकाहारी घरात दूध-दही बेताचं असेल तर ते हमखास कमी पडतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आणि रोज सकाळी पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांचंही कमी होऊ शकतं. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरणं, चिडणं, क्वचित भास, अशी लक्षणं असतात. एक खबरदारी घ्या. बी-१२ न तपासता नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत राहिलात तर रक्त सुधारतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं.

सोडियम १३५ ते १४५ या पट्ट्यात असायला हवं. ते कमी आलं तर मीठ-पाणी पाजून घरी दुरुस्ती करू नका. कारणानुसार उपचार बदलतो आणि फार वेगाने वाढवलं तरी मेंदूला इजा होते.

दोन गोष्टी रक्तात दिसत नाहीत म्हणून राहून जातात. जोरात घोरणारा, झोपेत मध्येच श्वास थांबणारा माणूस दिवसा चिडका आणि विसराळू होतो, त्याची झोपेची तपासणी करायला सांगा. आणि संशयी झालेल्या वृद्धाचे कान तपासा. अर्धंच ऐकू आलं की उरलेलं मनाने भरलं जातं, "माझ्याबद्दलच कुजबुजतात" ही तक्रार तिथूनही सुरू होते.

पन्नाशी-साठीतला शिस्तशीर माणूस काही महिन्यांत असभ्य बोलू लागला, पैसे उधळू लागला, कुणाच्या दुःखाचं त्याला काही वाटेनासं झालं आणि स्मरणशक्ती मात्र ठणठणीत आहे, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होतो. त्यात आधी स्वभाव जातो, आठवण नंतर. अशी घरं कोर्टकचेरीपर्यंत जाऊन मोडतात आणि निदान त्यानंतर होतं, हे फार वाईट आहे.

औषधांची अख्खी पिशवी सोबत न्या

नुसती चिठ्ठी पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून आणलेली, शेजाऱ्याने सुचवलेली, पुडीतली, सगळी औषधं पिशवीत भरून न्या. आणि विचारा: बदल सुरू होण्याआधीच्या महिन्यात यातलं काय नवीन सुरू झालं, कशाचा डोस वाढला, काय अचानक बंद झालं?

- प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉईड: झोप उडणं, अतिउत्साह, जास्त डोसमध्ये भ्रम.
- सर्दीच्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामाइन, लघवी रोखण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, ट्रायहेक्सिफेनिडिल: वृद्धांमध्ये गोंधळ.
- क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड या रक्तदाबाच्या गोळ्या: सोडियम घसरणं.
- फिटसाठीचं लेव्हेटिरासेटाम: काहींमध्ये तीव्र चिडचिड.
- पार्किन्सनसाठीचं प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल: जुगार, अनावर खरेदी, लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटणं.

यातलं शेवटचं वाचून अनेक घरांना धक्का बसेल. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेले वडील सत्तरीत ऑनलाइन जुगार खेळू लागले, तर त्यांच्या चारित्र्याबद्दल बोलण्याआधी गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला. डोस कमी केला की हे बहुधा ओसरतं. मात्र कोणतंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. यातली काही एकदम थांबवली तर जिवावर बेततं.

दारू बंद झाल्यावर

रोज पिणारा माणूस हाड मोडलं म्हणून भरती होतो. दारू आपोआप बंद. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी थरथर, घाम, नसलेल्या गोष्टी दिसणं, पळून जायची धडपड. इस्पितळात घरचे लाजेपोटी दारूचं सांगत नाहीत आणि डॉक्टर दुसरंच शोधत बसतात. भरतीच्या वेळीच रोजचं प्रमाण आणि शेवटचा पेला कधी घेतला ते सांगा. फिट येऊ नये म्हणून औषध आणि बी-१ चं इंजेक्शन वेळेत देता येतं. घरी कोंडून दारू सोडवण्याचा प्रयोग करू नका.

बाळंतपणानंतर

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, हळवं होणं बहुसंख्य बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्यानंतरही टिकलं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहे. पण पहिल्या काही आठवड्यांत बाळंतीण रात्र-रात्र जागी आहे, थकत नाही, बाळाबद्दल विचित्र बोलते, आवाज ऐकू येतात म्हणते, तर ती तातडी आहे. दर हजार बाळंतपणांत एक-दोघींना हे होतं. तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. अशा वेळी तिला बोल लावणाऱ्याला बाजूला करणं हे नवऱ्याचं काम आहे.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे नाटक आहे का?

नाही. नैराश्य, उन्माद, स्किझोफ्रेनिया, तीव्र चिंता हे आजारही मेंदूतच घडतात, पण ते दाखवणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन अजून नाही. निदान माणसाशी बोलून, इतिहास ऐकून, निरीक्षणातून होतं. एमआरआय काढतात तो गाठ, रक्तस्राव, सूज नाही ना हे पाहण्यासाठी. तेव्हा 'सगळं नॉर्मल' याचा अर्थ पुढची पायरी मानसोपचारतज्ज्ञाची, एवढाच.

आणि नेमक्या याच टप्प्यावर पैसे उकळणारे भेटतात. 'मेंदूतलं सेरोटोनिन' मोजतो म्हणून रक्त घेणाऱ्याला नकार द्या. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असतं, रक्तातल्या आकड्यावरून मेंदूचं काही कळत नाही. मुलाच्या बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि स्वभाव सांगणाऱ्या डीएमआयटी चाचणीला शास्त्रीय आधार नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या मिडब्रेन ॲक्टिव्हेशनलाही नाही. मुलाचं अभ्यासात लक्ष नसेल तर त्याच पैशात डोळे, कान, हिमोग्लोबिन आणि झोप तपासून होते.

मानसोपचाराची औषधं सुरू झाल्यावर

नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायद्याला त्याहून जास्त. मळमळ, अस्वस्थता मात्र पहिल्या आठवड्यात येते. त्यामुळे 'त्रासच झाला, गुण नाही' म्हणत लोक दहाव्या दिवशी सोडतात. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवतात, नंतर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. पहिल्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले, विशेषतः तरुण मुलांमध्ये, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

सवय लागण्याची भीती या गोळ्यांची नाही, अल्प्राझोलम-क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची बाळगा. पहिल्याच भेटीत विचारा: "ही किती आठवडे घ्यायची?"

लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉईड ठरल्या वेळी तपासा. निर्जळी उपवास, जुलाब, भर उन्हातलं काम यात पाणी कमी पडलं किंवा डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी घेतली तर पातळी विषारी होऊ शकते. हात जोरात थरथरणं, उलट्या, झोकांडी जाणं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना.

कुणाकडे जायचं, काय मागायचं

सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियनपासून करा. तिथून गरजेप्रमाणे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात, औषध लिहीत नाहीत. त्यांचं काम महत्त्वाचं आहे, पण नव्या, झपाट्याच्या बदलात ते पहिलं दार नाही. खासगी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातले हे हक्क घरातल्या प्रत्येकाला माहीत हवेत:

- शारीरिक आजाराला विमा मिळतो त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही द्यावा लागतो. दावा नाकारला तर लेखी कारण मागा, विमा लोकपालाकडे तक्रार करा.
- आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि माझ्या वतीने कोण बोलेल, हे कुणीही सज्ञान व्यक्ती आधीच लेखी देऊ शकते.
- माहिती गोपनीय ठेवणं आणि रुग्णाला त्याचे कागद देणं बंधनकारक आहे. काही माहिती रोखली तर दादही मागता येते.
- साखळदंडाने बांधायला मनाई आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देता येत नाही.
- रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तर नातेवाइकांच्या अर्जावर होणारी भरती सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच असते. तिच्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जाता येतं, कायदेशीर मदत मोफत मिळते.
- आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं कायदा गृहीत धरतो, तिला शिक्षेला सामोरं जावं लागू नये अशी त्यात तरतूद आहे. 'पोलीस केस होईल' या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर तीनच गोष्टी लिहून न्या: शेवटचा नेहमीसारखा दिवस, त्यानंतर झालेले बदल तारखेनिशी, आणि चालू असलेली सगळी औषधं. आणि "हा मुद्दाम करतोय" हे वाक्य तपासण्या होईपर्यंत घरात कुणीही उच्चारू नका.